डोंगरसनईचे धोपटे सर

धोपटे सर मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. त्यांच्या शोकसभेला कॉलेजचा हॉल भरला होता. माणसं एकामागून एक उठून बोलत होती. कुणी त्यांना ऋषी म्हणालं, कुणी डोंगराचा आत्मा म्हणालं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी घशाकडे बोट दाखवून बसून राहिले. घशाला काही झालं नव्हतं. खरं बोलले असते तर घरच्यांना वाईट वाटलं असतं, आणि खोटं बोलायला पुष्कळ जण आधीच रांगेत होते.

डॉ. रंगनाथ धोपटे जिंतूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत असे, म्हणजे दर पावसाळ्यात नव्याने नेमणूक आणि दर उन्हाळ्यात घरी. सर मूळचे पिंगळीचे. शिकून मोठे झाले आणि मोठे झाल्यावर शिकायचे थांबले. वर्गात येऊन खुर्चीवर बसत, "घ्या लिहून" म्हणत आणि डोळे मिटून सांगायला लागत. दर वर्षी तीच वाक्यं, त्याच क्रमानं. मधे कुणी शंका काढली तर डोळे न उघडता म्हणत, "ते परीक्षेला न्हाई." जिवंत प्राण्यांशी त्यांचा फारसा संबंध येत नसे. एकदा प्रयोगशाळेत झुरळांचा डबा उघडा राहिला तेव्हा सर टेबलावर चढले, आणि शिपायानं सगळी झुरळं गोळा करीपर्यंत तिथूनच आम्हाला निष्काळजीपणावर बोलत राहिले.

त्यांच्या भाषा दोन होत्या. प्राचार्यांच्या दालनात 'मी असे सुचवू इच्छितो' आणि खेड्यातल्या कार्यक्रमात 'आमी काय, किड्यामुंग्यातली माणसं, आमाला खुर्ची बी नको'. खुर्ची नको म्हणत ते बरोब्बर मधल्या खुर्चीवर बसत. त्यांच्या गाडीच्या डिकीत एक शाल आणि एक नारळ कायम ठेवलेला असे. संयोजक विसरले तर त्यांची फजिती होऊ नये म्हणून, असं ते सांगत. एका शाळेत खरोखरच असं झालं. हेडमास्तर बिचारे नुसतं गुलाबाचं फूल घेऊन उभे राहिले. सरांनी ड्रायव्हरला खूण केली, डिकी उघडली गेली, आणि सरांचा सत्कार सरांच्याच शालीनं झाला. परत निघताना शाल पुन्हा डिकीत. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

अशा माणसाच्या नशिबी डोंगरसनई यावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

भाद्रपदात मीनाक्षी नावाची एक मुलगी बंगळुरूहून आली. पाठीवर मोठी पिशवी, गळ्यात कानाला लावायचं यंत्र. गवतात राहणाऱ्या आणि पंख घासून आवाज करणाऱ्या किड्यांवर ती काम करत होती. फार पूर्वी कुणीतरी आपल्या बाजूच्या डोंगरावरून असा एक किडा धरून नेला होता, तो परदेशातल्या एका संग्रहालयात टाचणीला लावून ठेवलेला होता, आणि त्यानंतर तो कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. तो अजून आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. सरांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, ती बंगळुरूची पोरगी आलीय. तुमी जावा तिच्यासंगं. मला देवगाव फाट्याला सत्काराला जायचंय."

"कुणाचा सत्कार, सर?"

"माझाच की."

आम्ही दोघी एसटीनं करंजदरीला गेलो. गावाच्या मागं दोन माळ आहेत, थोरला आणि धाकटा, मधे एक खोल ओढा. दोन्ही गावाचं गायरान. थोरल्या माळावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कमरेइतकं गवत होतं, पवन्या आणि कुसळी, आणि त्यात पाय टाकला की कपड्यांना कुसळं डसत होती.  सूर्य टेकला आणि मग तो आवाज सुरू झाला. अगदी बारीक आणि कोरडा. सुपात मूठभर डाळ कुणीतरी न थांबता हलवत राहावी, तसा. आधी एका गचपणातून, मग शेजारच्या, मग सगळ्या उतारावरून. मीनाक्षी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं, आणि तो तिथं होता. बोटाच्या दोन पेरांएवढा, वाळल्या काडीच्या रंगाचा, पंख इतके खुरटे की उडायचा प्रश्नच नाही, आणि मिशा अंगापेक्षा लांब. तिनं तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सर विभागात पत्रकार घेऊन आले. फोटोसाठी किडा तळहातावर पाहिजे होता. जिवंत किडा धरायला सर तयार नव्हते, आणि किडाही हाताशी नव्हता, तो माळावरच होता. शेवटी कॉलेजच्या पेटीतला एक मेलेला नाकतोडा सरांच्या हातावर ठेवला गेला. तो वेगळ्याच जातीचा होता, आखूड मिशांचा. फोटोत सर त्याच्याकडे बापाच्या मायेनं बघत आहेत. मीनाक्षीनं आदल्या संध्याकाळी टिपलेला आवाज ऐकवायला आपलं यंत्र त्यांच्या कानाला लावलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि पत्रकारांना म्हणाले, "सनई. ही तर आमच्या डोंगराची सनई हाय."

मला ते नाव विचित्र वाटलं होतं. त्या आवाजात सनईसारखं काहीच नव्हतं. पण छापून आलं, आणि तेव्हापासून तो किडा डोंगरसनई झाला आणि सर डोंगरसनईवाले. आयुष्यभराच्या शोधाचं फळ, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. मीनाक्षीचं नाव बातमीच्या तळाशी, चुकीचं छापलेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. जाताना स्टँडवर तिनं मला एकच गोष्ट बजावली. "दीदी, वहाँ कुछ मत करना. बस, घास को घास रहने देना."

आणि सरांनी तिथं बाग केली.

तिचं नाव 'डोंगरसनई निसर्ग उद्यान'. समिती झाली, सर तिचे अध्यक्ष. थोरल्या माळावर यंत्रानं चर खणले गेले. गुलमोहर, गिरिपुष्प, सुबाभूळ, जे रोपवाटिकेत होतं ते सगळं आलं. बसायला बाकडी झाली, पायवाटेला फरशी लागली, टँकरनं पाणी येऊ लागलं. मधोमध सिमेंटचा एक भलामोठा किडा बसवला. त्याच्या मिशा आखूड ठेवल्या, कारण लांब ठेवल्या तर मुलांच्या डोळ्यांत जातील असं गवंड्याचं म्हणणं पडलं आणि प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांना ते पटलं.

काम सुरू व्हायच्या आधी मी त्यांना भेटले होते. म्हणाले, "सर, त्याला झाड नको. तो गवतातच जगतो. गवताच्या बुडाशी मातीत अंडी घालतो, तीच माती आपण उकरायलोत. त्याला उडता येत नाही, तो जाणार कुठं?"

सर शांतपणे पेन पुसत होते. "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण झाडाबिगर निसर्ग, हे लोकांला पटतंय का? उद्घाटनाला मोठी माणसं येणार. त्यांच्या हातात मी काय देऊ? कुसळ?"

"नसू दे उद्घाटन."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना श्वास घेणं बंद करा म्हणाले होते.

उद्घाटन झालं. भाषणात सर डोंगरसनईच्या सुरावर इतकं बोलले की समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. त्या सुरात डोंगराचं दुःख आहे, म्हणाले. आपण पहाटे उठून तो ऐकतो, म्हणाले. तो किडा पहाटे गप्प असतो.

पुढच्या पावसाळ्यात थोरल्या माळावर आवाज विरळ झाला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या एका पट्ट्यातून तेवढा आला. नंतर नाहीच. सावलीत गवत खुरटलं होतं, उरलेलं माळी दर आठवड्याला कापत होता. मी संध्याकाळी जाऊन बाकड्यावर बसायची आणि ऐकायची. टँकरचा नळ गळत असायचा, बाकी काही नाही. आणि बागेत शाळांच्या सहली येतच होत्या, सिमेंटच्या किड्यावर बसून मुलं फोटो काढतच होती, सर त्या सुरावर बोलतच होते. ज्या जिवाच्या नावावर हा माणूस मोठा झाला, तो त्यानंच पुरला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. मला त्यांची चीड येत नव्हती. चिडावं इतकंही काही त्या माणसात नाही, असं वाटायचं.

मग मी आजूबाजूचे डोंगर धुंडाळायला लागले. धाकटा माळ मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो ओढ्यापलीकडेच होता आणि तिथंही काही नसलं तर मग कुठं बघायचं हे मला माहीत नव्हतं. एका संध्याकाळी ओढा उतरून वर चढले. टोकाशी पोचायच्या आधीच कानावर आला. सगळा माळ वाजत होता. मी तिथंच खडकावर बसले आणि पोटभर रडले.

त्याच महिन्यात समितीनं उद्यानाचा दुसरा टप्पा ठरवला. धाकट्या माळावर.

सर तोवर निवृत्त झाले होते, पण समितीचे अध्यक्ष तेच होते. मी त्यांच्या घरी गेले. त्यांना थोरल्या माळाचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. बोलून झाल्यावर म्हणाले, "असं असतंय. जीव हाय, कमीजास्त होतंच."

"कमी नाही झाले सर. संपले. आता जे आहेत ते फक्त धाकट्या माळावर. तुम्ही एकदा माझ्यासोबत चला. स्वतः ऐका आणि मग ठरवा."

ते यायला तयार झाले, कारण समितीचे लोक जागा बघायला त्यांना नेणारच होते आणि आधी बघून ठेवलेलं बरं. गाडी ओढ्यापर्यंत आली. पुढं चढताना त्यांना धाप लागत होती. बदामी सफारीच्या पायांना कुसळं चिकटत होती आणि ते दर चार पावलांवर थांबून उपटत होते. आम्ही वर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता.

आणि माळ सुरू झाला. चहूबाजूंनी, पायाशी, हाताच्या अंतरावरून. इतका जवळून की कानात बोटं घालावीत. मी सरांकडे बघत उभी राहिले. म्हटलं, आता तरी.

सरांनी कमरेवर हात ठेवून चौफेर नजर टाकली. वारा जरा थांबला होता. ते समाधानानं म्हणाले, "चांगलंय. इथं तर काहीच न्हाई. बिलकुल शांत. इथं आपल्याला निवांत काम करता येईल."

मला वाटलं ते मुद्दाम बोलतायत. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ते मुद्दाम बोलत नव्हते.

"सर," मी म्हणाले, "ते गातायत. आत्ता. सगळीकडून."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान किंचित वाकडी केली, एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला. त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर एक किडा काडीला धरून पंख घासत होता, तो मला दिसत होता.

"मला माहितीय," ते म्हणाले.

 ते खडकावर बसले. कुसळं उपटायचं त्यांनी सोडून दिलं.

"लय बारीक आवाज असंल," ते म्हणाले.

"बारीक आहे. वय झालं की तो कानाला पकडता येत नाही पुष्कळांना. त्यात काही लाजण्यासारखं नाही, सर."

"आधीपण आला न्हाई कधी." ते समोर बघत बोलत होते. "त्या बंगळुरूच्या पोरीनं यंत्र लावलं कानाला, तवा आला. तेवढाच. सनईसारखा वाटला. म्हणलं, असा हाय तर."

तेव्हा मला ते नाव कुठून आलं ते कळलं. बारकावे नीट कळावेत म्हणून मीनाक्षीचं यंत्र तो आवाज जाड करून देत असे. सर इतकी वर्षं त्या यंत्राच्या आवाजावर भाषणं देत होते. ज्या सुरानं बायका रडल्या तो सूर त्यांनी एकदाच, मशिनीतून, पत्रकारांसमोर ऐकला होता.

तिथं बसून क्षणभर मला त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू? आणि लगेच ती त्यांनी घालवली.

"हे खाली कुणाला सांगू नका," ते उठत म्हणाले. "आणि तुमच्या नोकरीचं मी बोललो असतो कधीचंच, पण तुमी कधी म्हणलात न्हाई."

 दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. "मॅडम, मोकळं बोला. काय पाहिजे तुमाला? कायम करायचं का? संस्थेत आपला शब्द हाय अजून."

त्यांना खरोखर वाटत होतं की मी सौदा करायला बसले आहे. त्यांच्या बहिरेपणाबद्दल मी कुणाजवळ अवाक्षर काढणार नव्हते, पण हे त्यांना सांगून पटलं नसतं. स्वतः जे केलं नसतं ते दुसरा करील, हे त्यांच्या डोक्यात बसतच नसे.

"मला काही नको, सर. धाकटा माळ आहे तसा राहू द्या."

"बास? एवढंच?"

"एवढंच."

 माझी मागणी इतकी छोटी होती की तिच्या मागं काय डाव आहे, हे ते शोधत असावेत. शेवटी म्हणाले, "पण मग मी लोकांला काय सांगू? सगळं ठरलंय. आता एकदम न्हाई म्हणलं तर माझी काय इज्जत राहील?"

हे मी आधीच ताडून ठेवलं होतं. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली होती. "सर, काहीच न करणं हेच तर अवघड असतं," मी म्हणाले. "झाडं कुणीही लावतं. गवत गवत म्हणून राखणं, चराईची पाळी ठरवणं, दिवाळीनंतर अंडी मातीत गेली की मगच कापणी करणं, आणि बाकी हात लावायचा नाही. असं आपल्या भागात कुणीच केलेलं नाही. पहिल्यांदा जो करील, त्याचं नाव होईल."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. 

"जरा सावकाश सांगा," सर म्हणाले. "घेतो लिहून."

करंजदरीची ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. समितीचे लोक, तालुक्याचे एक साहेब, आणि गाव. सर उभे राहिले. मी बायकांमध्ये मागं बसले होते. माझं वाक्य न वाक्य त्यांनी म्हटलं, आणि कबूल करते, माझ्यापेक्षा फार चांगलं म्हटलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, हे त्यांना उपजतच कळत असे. "झाडं कुणी बी लावतंय," ते म्हणाले, आणि ज्यानं सगळ्या तालुक्यात झाडं लावून फोटो काढले होते त्या माणसाच्या तोंडून हे ऐकून गाव चपापलं. "गवताला गवत म्हणून राहू द्यायचं, ह्याला काळीज लागतंय. आमी धाकट्या माळावर कायच करणार न्हाई. हात लावणार न्हाई. हेच आमचं काम."

साहेबांना हे नवीन होतं. "पण सर, दुसऱ्या टप्प्याचं सगळं तयार आहे," ते म्हणाले.

"ते रद्द करा. शास्त्र सांगतंय."

तेव्हा सखूबाई उठल्या. गावातल्या सगळ्यात जास्त शेळ्या त्यांच्या, आणि थोरला माळ बागेत गेल्यापासून त्यांना लांब हिंडावं लागत होतं. "सर, एक इचारू का?"

"इचारा की."

"आता म्हणायलात झाडं नकोत. मंग थोरल्या माळावर कशाला लावली?"

 मी मान खाली घातली. मला वाटलं आता संपलं, सगळंच संपलं. साहेब सरांकडे बघायला लागले.

सरांची पापणीसुद्धा हलली नाही. "तुलनेसाठी, बाई," ते म्हणाले. "प्रयोगाला दोन माळ लागतात. एकावर करायचं, एकावर न्हाई करायचं. त्याबिगर फरक कसा कळणार? थोरला माळ आमी मुद्दाम दिला."

"मुद्दाम?"

"शास्त्रासाठी."

साहेबांनी मान डोलावली. समितीच्या लोकांनीही. सखूबाई बसता बसता माझ्या कानाशी म्हणाल्या, "लय नागडं माणूस हाय बाई हे." पण चराईच्या पाळीला त्यांनीच सगळ्यात आधी होकार दिला, कारण थोरला गेला तसा धाकटाही गेला असता तर शेळ्या विकाव्या लागल्या असत्या. ठराव झाला. धाकट्या माळाला कुणी कुदळ लावली नाही.

त्यानंतर सर पुन्हा मोठे झाले. आता ते 'काहीच न करण्याचं तत्त्वज्ञान' यावर बोलत. परभणीला मोठ्या सभागृहात त्यांचं व्याख्यान झालं तेव्हा मी ऐकायला गेले होते, शेवटच्या रांगेत बसून. थोरल्या माळाचा त्याग त्यांनी इतक्या गहिवरानं सांगितला की एखाद्याला वाटावं, पोटचं लेकरू देऊन टाकलंय. प्रश्नोत्तरात एका मुलानं विचारलं की डोंगरसनईचा आवाज नेमका कसा असतो. सरांनी डोळे मिटले. "तो सांगता येत न्हाई, बाळा. तो ज्याचा त्यानं ऐकायचा असतो."

मी उठून बाहेर आले. इतकं खरं बोलून इतकं खोटं ठरणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आता कुणी विचारील की मग तुम्ही त्यांचं बिंग का फोडलं नाहीत. मी काय फोडणार होते? त्यांनी मोठेपणा घेतला आणि माळ वाचला. मोठेपणा काढून घेतला असता तर ते रातोरात माळावर गुलमोहर घेऊन गेले असते. मला तो माणूस नको होता, माळ पाहिजे होता, आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेले होते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते देवगाव फाट्यावर. आश्विनातली दुपार होती. मी करंजदरीच्या एसटीची वाट बघत चहाच्या टपरीजवळ उभी होते, हातात चपलांची पिशवी, कारण माळावर जायचं असलं की जुन्या चपला वेगळ्या न्याव्या लागतात. रस्त्यापलीकडे सरांची गाडी येऊन थांबली. ते मागच्या सीटवर होते. फार वाळले होते. दोन्ही कानांत यंत्रं होती, चांगली महागातली दिसत होती. मला माहीत होतं की बोलणं त्यानं ऐकू येतं, ते बारीक आवाज नाही येत.

काच खाली आली. त्यांनी मला हातानं बोलावलं. मी रस्ता ओलांडून गेले.

"कुठं, मॅडम?"

"करंजदरीला. माळावर."

"हूं." त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं, मग रस्त्याकडे. कुठल्या तरी सत्काराला चालले असावेत, सफारी कडक इस्त्रीची होती. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "यंदा हायेत का?"

 खरं सांगायचं तर, त्या माणसाला हे विचारायचा काय अधिकार आहे, असंच माझ्या मनात आलं. मागून एक ट्रक भोंगा वाजवत होता, ड्रायव्हर आरशात बघून चुळबुळ करत होता. काचेच्या बटणावर सरांचं बोट होतं. पण उत्तर मिळेपर्यंत त्यांनी ते दाबलं नाही.

"हायेत, सर," मी म्हणाले. "गेल्या वर्षीपेक्षा जास्त. आता ओढ्याच्या उतारापर्यंत खाली आलेत."

ते ऐकून त्यांनी हळूहळू मान हलवली, अगदी स्वतःच्या कानांनी ऐकून खात्री करून घेतल्यासारखी.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि काच वर गेली.